परक्या कॅमेऱ्यावर जुनें भिंग

पुण्याच्या पेठांतील पुष्कळ घरीं वडिलांचा किंवा काकांचा फिल्मचा कॅमेरा चामडी पेटींत पडून आहे. फिल्म महाग झाली, ती धुऊन देणारीं दुकानें विरळ झालीं, आणि कॅमेऱ्याबरोबर भिंगही निकामी झालें अशा समजुतीनें तें मोडींत निघतें. ही समजूत खरी नव्हे.

भिंग ज्या कड्यावर बसतें तेथपासून फिल्मच्या पृष्ठापर्यंतचें अंतर प्रत्येक कारखान्यानें ठरविलेलें असतें, आणि भिंग नेमक्या तेवढ्याच अंतरासाठीं घडविलेलें असतें. निकॉनच्या जुन्या पद्धतींत हें अंतर ४६.५ मिलिमीटर, तर कॅननच्या १९८७ सालच्या ईओएस पद्धतींत ४४. म्हणून निकॉनचें भिंग या कॅननवर बसवितांना मध्यें अडीच मिलिमीटरचें कडें पुरतें. उलट केल्यास भिंग फार पुढें राहतें. जवळची वस्तु तेवढी स्पष्ट दिसते, दूरची पर्वती धूसरच.

गंमत अशी कीं, कॅननच्याच जुन्या एफडी भिंगांचें अंतर ४२ मिलिमीटर. १९८७ नंतर तीं आपल्याच घरच्या नव्या कॅमेऱ्यावर, मध्यें जादा काच घातल्यावांचून, चालेनात. त्यांना आसरा मिळाला परक्या घरीं! पुढें आरसा काढून टाकलेले कॅमेरे निघाले. सोनीच्या २०१० सालच्या ई-पद्धतींत हें अंतर अवघें १८ मिलिमीटर आहे. उरलेल्या जागेंत एक पोकळ नळकांडें बसविलें कीं काम झालें. कोल्हापुरास बाबूराव पेंटर यांच्यासह १९१८ च्या सुमारास देशी कॅमेरा घडविणारे दामले पुढें ‘प्रभात’बरोबर १९३३ मध्यें ज्या शहरीं आले, त्या शहरास असल्या जोडकामाचें नवल वाटूं नये.

मात्र भिंग व कॅमेरा यांचें आपसांतील बोलणें तुटतें. कॅमेऱ्याला भिंग लागलें आहे हेंच कळत नाहीं. भिंगावांचून चित्र घेण्याची मुभा त्याच्या मेन्यूंत आधीं द्यावी लागते. हें ठाऊक नसल्यानें कांहींजण चांगलें कडें सदोष ठरवून परत करतात. नंतर छिद्र पूर्ण उघडावें, दर्शकांतील चित्र मोठें करून कडा हातानें स्पष्ट करावी, आणि मगच छिद्र हवें तितकें लहान करावें. धांवत्या मुलाचें चित्र अशा रीतीनें क्वचितच साधतें. आरामखुर्चींतले आजोबा किंवा वाड्याचा दिंडीदरवाजा यांना घाई नसते.

स्वस्त कडीं बहुधा किंचित् आंखूड केलेलीं असतात, म्हणून भिंगावर कोरलेल्या अंतराच्या आंकड्यांवर भरंवसा ठेवूं नये. डोळ्यांवर ठेवावा.

भिंग मोडींत देण्यापूर्वीं विजेरीच्या प्रकाशांत आरपार पाहावें. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतु दिसले तर ती पावसाळ्याची बुरशी होय. थोडी असल्यास चित्रास फारशी बाधा येत नाहीं. पण तें भिंग इतरांपासून वेगळें, ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुडीसह घट्ट डब्यांत ठेवावें. बुरशीनें काचेवरील लेपच खाल्ला असेल तर साफ करून तो परत येत नाहीं.