दारापुढची वाट
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त दिलेले भाषण)



या व्यासपीठावरून गागाभट्टांचे आणि अहिल्याबाईंचे स्मरण व्हावे हे उचितच, आणि माझ्या आधीच्या वक्त्यांनी ते केलेही आहे. मी मात्र एका क्षुद्र वाटणाऱ्या विषयाकडे आपले लक्ष वेधणार आहे : दुसऱ्याच्या दारासमोर उभी केलेली गाडी.

इंग्लंडात पदपथाची कड ठिकठिकाणी रस्त्याच्या पातळीपर्यंत उतरविलेली असते. मोटार घरात नेता यावी हा तिचा एक उपयोग. चाकांच्या खुर्चीतील माणसाला व बाबागाडी ढकलणाऱ्या आईला रस्ता ओलांडता यावा हा दुसरा, आणि माझ्या मते मोठा. अशा उतारापुढे गाडी लावल्यास २००४ च्या कायद्यान्वये तेथे दंड होतो. उतार एकाच घराचा असून त्या घरात राहणाऱ्याची संमती असेल तर मात्र सूट आहे. म्हणजे शेजाऱ्याला विचारणे हे तेथे कायद्यातच आले!

आपल्याकडेही १९८९ च्या नियमांनी घराचे प्रवेशद्वार अडविण्यास मनाई केली होती. २०१७ मध्ये त्यांची जागा नव्या नियमांनी घेतली, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा नियमांच्या भंगाबद्दल केंद्रीय कायद्यात ५०० ते १,००० रुपये दंड सांगितला आहे.

परंतु आपल्या पक्क्या महालात ना पदपथ, ना त्याची कड. दुर्गाघाट-ब्रह्माघाटाच्या कित्येक गल्ल्यांत दोन माणसे जेमतेम शेजारून जातात. गाडी उचलून नेणारी क्रेन बाहेरच्या हमरस्त्यावरच थांबते, आणि कायदाही बहुधा तिच्याबरोबर तेथेच थांबतो. आत उरतात ती दगडी पायरी, तिला टेकून लावलेली मोटारसायकल आणि दाराआडचे आजारी माणूस. रुग्णवाहिका तर गल्लीत येतच नाही; त्या माणसाला स्ट्रेचरवरून किंवा खुर्चीत बसवून चौघांनी बाहेर न्यावे लागते. मध्यरात्री त्या मोटारसायकलीच्या मालकाचा शोध कोणी घ्यावयाचा?

मणिकर्णिकेकडे शव निघाले की याच गल्लीतला प्रत्येक जण भिंतीला पाठ लावून उभा राहतो. वाट देण्याची रीत आपल्याला ठाऊक नाही, असे कोण म्हणेल? जिवंत रुग्णासाठी ती अगोदर आठवत नाही, एवढेच. शेजारीही तक्रार करीत नाही. उद्या त्याच घरी हळदीकुंकवाला जावयाचे असते.

गोदौलियाला २०२१ मध्ये दुचाकींसाठी बहुमजली वाहनतळ झाला. दुर्गाघाटच्या माणसाला तो दूर पडतो, हे मान्य. म्हणून माझी सूचना लहानच आहे. येत्या गणेशोत्सवापासून मंडळाच्या कार्यक्रमाला येणाऱ्यांनी वाहने हमरस्त्यावरील वाहनतळावर ठेवून आत पायी यावे, वृद्धांना आणण्यासाठी दोन तरुण गल्लीच्या तोंडाशी असावेत, आणि कोणाचेही दार अडलेले दिसल्यास आरती थांबवून गाडीचा क्रमांक पुकारावा. कार्यकारिणीने हा ठराव आजच घ्यावा, अशी माझी विनंती आहे.