जवानाच्या बुटाचा हिशेब

(कारगिल विजय दिनानिमित्त झालेल्या सभेतील भाषणाचा मजकूर)



आपण बेळगावची माणसे. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र आपल्या शहरात. आसपासच्या गावांत भरती झालेला मुलगा नाही असे घर शोधावे लागेल. म्हणून सैन्याविषयी बोलण्याचा आपला हक्क टीव्हीवर ओरडणाऱ्यांपेक्षा अधिक आहे. आज हार-तुरे झाले, आता थोडे हिशेबाचे बोलू.

पहिला हिशेब बोफोर्सचा. मार्च १९८६ मध्ये स्वीडनच्या कंपनीशी सुमारे १,४३७ कोटी रुपयांचा करार झाला, चारशेवर तोफांचा. १९८७ च्या एप्रिलमध्ये स्वीडिश रेडिओने दलालीची बातमी दिली आणि देश हादरला. पुढे वर्षानुवर्षे चौकशी चालली, सरकारे पडली, खटले कोर्टात टिकले नाहीत. दलाली कोणी खाल्ली याचा निकाल लागला नाही तो नाहीच.

पण तोफ चांगली होती. १९९९ मध्ये द्रास आणि टायगर हिलच्या लढाईत तिनेच शत्रूचे मोर्चे फोडले. मग तशी दुसरी तोफ का आली नाही? कारण बोफोर्सनंतर फाइलीवर सही करायलाच सगळे घाबरू लागले. एम-७७७ या नव्या तोफा देशात आल्या त्या २०१७ मध्ये, म्हणजे तीस वर्षांनी! गंमत म्हणजे मूळ करारात तंत्रज्ञानाची कागदपत्रेही मिळाली होती. त्यांच्या आधारे आपल्याच कारखान्यात बनलेली ‘धनुष’ तोफ सैन्याच्या हाती पडायला २०१९ उजाडले. चोराला शिक्षा नाही आणि जवानाला तोफ नाही, असा हा दुहेरी तोटा. पैसा खाणे हा जसा गुन्हा, तसे निर्णय न घेता फाइल दाबून ठेवणे हाही गुन्हाच मानला पाहिजे, असे आम्हाला वाटते.

दुसरा हिशेब दारूगोळ्याचा. महालेखापरीक्षकांचा अहवाल जुलै २०१७ मध्ये संसदेत मांडला गेला. चाळीस दिवसांच्या युद्धाला पुरेल इतका साठा असावा असा सैन्याचा दंडक. सप्टेंबर २०१६ मध्ये १५२ पैकी फक्त ३१ प्रकारचा दारूगोळा तेवढा होता. ६१ प्रकारचा तर दहा दिवसही पुरला नसता. उरीचा हल्ला त्याच महिन्यात झाला आणि मग तातडीची खरेदी सुरू झाली. लग्नाच्या आदल्या रात्री बाजारात गेलेल्या माणसाला भाव करता येत नाही, हे आपल्या घरातल्या बायकांना पक्के ठाऊक आहे.

तिसरा हिशेब बुटाचा. फेब्रुवारी २०२० मध्ये संसदेत आलेल्या अहवालाप्रमाणे, अति उंचावर लागणाऱ्या बुटांची खरेदी नोव्हेंबर २०१५ ते सप्टेंबर २०१६ या काळात झालीच नाही. जुने बूट दुरुस्त करून वापरावे लागले. बर्फातल्या चष्म्यांचा तुटवडा ६२ ते ९८ टक्के होता. याच हिवाळ्यात, ३ फेब्रुवारी २०१६ ला, सियाचीनवर हिमकडा कोसळला आणि दहा जवान गाडले गेले. त्यात आपल्या शेजारच्या धारवाड जिल्ह्यातला लान्स नायक हनुमंतप्पा कोप्पद होता. सहा दिवस बर्फाखाली राहून तो जिवंत निघाला आणि ११ तारखेला दिल्लीत गेला. ही दुर्घटना बुटांमुळे झाली असे आम्ही म्हणत नाही, कोणी म्हणूही नये. पण अशा जागी उभ्या राहणाऱ्या मुलांसाठी बूट घ्यायचे कोणाकडून राहिले, हे विचारायचे नाही का?

जबाबदारी म्हणजे काय ते एकाने दाखवून दिले. ऑगस्ट २०१३ मध्ये ‘सिंधुरक्षक’ पाणबुडी मुंबईच्या गोदीत स्फोटाने बुडाली, १८ जण गेले. २६ फेब्रुवारी २०१४ ला ‘सिंधुरत्न’मध्ये आग लागून दोन अधिकारी गेले. त्याच दिवशी नौदलप्रमुख ॲडमिरल डी. के. जोशी यांनी नैतिक जबाबदारी घेऊन राजीनामा दिला. मंत्रालयातून मात्र कोणी खुर्ची सोडली नाही. गणवेशातल्या माणसाने जबाबदारी घ्यायची आणि फाइल अडवणाऱ्याने बढती घ्यायची, हा न्याय नव्हे.

काही मंडळी म्हणतात, सैन्याबद्दल प्रश्न विचारू नयेत, मनोधैर्य खचते. त्यांनी शिवछत्रपतींचे १६७३ चे पत्र वाचावे, चिपळूणच्या छावणीतल्या अधिकाऱ्यांना लिहिलेले. दाणा-वैरण आताच उधळली तर पावसाळ्यात घोडी उपाशी मरतील, रात्री दिवा तसाच ठेवला तर उंदीर वात नेईल आणि गवत पेटेल, इतक्या बारकाव्याने महाराज बजावतात. आणि नुकसान झाल्यास दोष कोणाचा, तेही स्पष्ट करतात. महाराजांनी वैरणीचा हिशेब मागितला म्हणून मावळ्यांचे मनोधैर्य खचले नाही!

तेव्हा आपण काय करायचे? आमचे तीन आग्रह आहेत. एक, निवडणुकीत मत मागायला येणाऱ्या प्रत्येकाला विचारा की लेखापरीक्षकांच्या संरक्षण अहवालावर तुम्ही संसदेत काय बोललात किंवा काय बोलणार. लोकलेखा समिती याच कामासाठी आहे. दोन, खरेदीला उशीर झाला तर फाइल कोणाच्या टेबलावर किती दिवस होती हे संसदेपुढे यावे. यात कोणतेही लष्करी गुपित फुटत नाही. तीन, घोटाळा झाला तर दलालाला पकडा, पण चांगले शस्त्र नाकारून जवानाला शिक्षा देऊ नका.

आपली मुले छातीचे माप देऊन भरती होतात, धावून दाखवतात, वैद्यकीय तपासणी देतात. इतकी कसोटी ते देतात, तर त्यांच्या पायातले बूट विकत घेणाऱ्यानेही थोडी कसोटी द्यावी, एवढेच आपले मागणे आहे.

जय हिंद!