शेवटचा गडी बाद होण्यापूर्वीं

मोठ्या सामन्याची चित्रफीत पाहतांना लोकांची दृष्टि खेळाडूंवर खिळलेली असते, आणि तें योग्यच आहे. परंतु १५ ऑक्टोबर १९८८ रोजीं अमेरिकेंतील लॉस एंजेलिस शहरीं झालेल्या बेसबॉलच्या एका सामन्याची जी चित्रफीत आजहि वारंवार दाखविली जाते, तिच्यांत खेळाडूंइतकीच पाहण्यासारखी दुसरी एक गोष्ट आहे. फटकावलेला चेंडू उजव्या बाजूच्या प्रेक्षकांत जाऊन पडतो. सारें क्रीडांगण उभें राहतें. आणि त्याच क्षणीं, त्या प्रेक्षकांच्या डोक्यांवरून, पलीकडील अंधाऱ्या मोटारतळावर मोटारींचे तांबडे दिवे दिसतात. तीं माणसें घरीं निघालीं होतीं. ज्या क्षणाच्या आशेनें तिकीट काढून तीं आलीं, तो क्षण त्यांच्या पाठीमागें घडत होता.

क्रिकेट जाणणाऱ्या श्रोत्यांना हा प्रसंग समजण्यास अडचण पडूं नये. बेसबॉलमध्यें दोन्ही पक्षांना नऊ नऊ डाव मिळतात. तीन गडी बाद झाले कीं डाव संपतो. चेंडू थेट प्रेक्षकांत टोलविला तर त्याला होम रन म्हणतात. तो टोला मारणाऱ्याला तर धांव मिळतेच, पण त्या वेळीं वाटेंतील बेसवर उभे असलेले त्याचे सोबतीहि आपापली धांव पुरी करतात. त्या रात्रीं अजिंक्यपदाच्या मालिकेंतील पहिला सामना होता. यजमान डॉजर्स संघ ओकलंडच्या संघाच्या मागें ३-४ असा पडला होता. नववा डाव, दोन गडी बाद, एक गडी बेसवर. आणि चेंडू फेकण्यास डेनिस एकर्सलीसारखा खंबीर खेळाडू. अशा वेळीं कर्क गिब्सन लंगडत मैदानांत आला. त्याचे दोन्ही पाय दुखावलेले होते आणि त्या रात्रीं तो खेळेल अशी कोणाचीच अपेक्षा नव्हती. त्यानें चेंडू उजवीकडे टोलविला, दोन धांवा झाल्या व डॉजर्सनीं सामना ५-४ असा जिंकला. पुढें त्या मालिकेंत गिब्सन एकदांहि फलंदाजीस आला नाहीं. मालिका मात्र डॉजर्सनीं ४-१ अशी जिंकली.

तेव्हां ते तांबडे दिवे ज्यांच्या मोटारींचे होते, त्यांना काय म्हणावें? अमेरिकेंतील इतर शहरांतून याचें उत्तर फार पूर्वींच तयार आहे. लॉस एंजेलिसचा प्रेक्षक तिसऱ्या डावांत येतो आणि सातव्या डावांत जातो, अशी त्याची ख्याति आहे. आणि ज्याला शेवटपर्यंत बसवत नाहीं त्याची निष्ठा ती कसली, असें विचारलें जातें. हा आरोप ऐकावयास गोड लागतो. परंतु आंकडे त्याच्या आड येतात. एका हंगामांत घरच्या मैदानावर तीस लाखांहून अधिक प्रेक्षक जमविणारा अमेरिकेंतील पहिला बेसबॉल-संघ म्हणजे हाच डॉजर्स संघ, आणि तें वर्ष होतें १९७८. जे सर्वांत लवकर उठतात असें म्हणतात, तेच सर्वांत अधिक संख्येनें येतात! निष्ठेच्या अभावानें या कोड्याचा उलगडा होत नाहीं. त्यासाठीं प्रेक्षकाच्या मनापेक्षां त्याच्या घरच्या वाटेकडे पाहिलें पाहिजे.

त्या वाटेचा इतिहास खुद्द संघाच्या नांवांतच दडलेला आहे. हा संघ मूळचा न्यूयॉर्क शहराच्या ब्रुकलिन भागांतला. तेथें रस्त्यांतून ट्रामगाड्यांचें जाळें पसरलेलें होतें, आणि त्या गाड्या चुकवीत चालणारे ते डॉजर्स, असें ब्रुकलिनच्या रहिवाशांना थट्टेनें म्हणत. तेंच नांव संघाला चिकटलें. ब्रुकलिनचें एबेट्स फील्ड हें क्रीडांगण दाट वस्तीच्या मधोमध होतें. प्रेक्षक पायीं किंवा ट्रामनें येत. तेथें सुमारें बत्तीस हजार माणसें मावत. मोटारींना मात्र जागा अगदीं थोडी होती. उलट लॉस एंजेलिसमध्यें १९६२ सालीं जें नवें क्रीडांगण उघडलें, तें टेकडीवर, चहूंबाजूंनीं विस्तीर्ण मोटारतळांनीं वेढलेलें असें बांधलें गेलें. तेथें सुमारें छपन्न हजार प्रेक्षक बसतात. पुढल्याच वर्षीं, मार्च १९६३ मध्यें, शहरांतील जुन्या ट्रामगाड्यांपैकीं अखेरच्या गाड्याहि बंद झाल्या. ज्याचें नांव ट्रामवरून पडलें, तो संघ अशा शहरांत येऊन राहिला कीं जेथें ट्राम उरली नाहीं.

आतां त्या टेकडीवरील प्रेक्षकाचा हिशेब पाहावा. संध्याकाळीं कचेरी सुटते. त्याच वेळीं सारे हमरस्ते मोटारींनीं तुंबतात. म्हणून तो पहिल्या डावास पोंचत नाहीं. सामना संपेल तेव्हां हजारों मोटारी मोजक्या दरवाजांतून एकदम बाहेर पडूं पाहतील, हें त्याला अनुभवानें ठाऊक असतें. मांडीवर पोर झोंपीं गेलेलें असतें, सकाळीं पुन्हां कामावर जावयाचें असतें. तेव्हां दहा मिनिटें आधीं निघावें, असा शहाणा विचार तो करतो. परंतु शेजारचाहि तोच विचार करतो. मग आठव्या डावांतच दरवाजाशीं गर्दी होते; ती चुकविण्यासाठीं कोणी सातव्या डावांत उठतो. प्रत्येकाचा शहाणपणा एकेकट्यानें पाहिला तर बिनतोड असतो. सर्वांचा मिळून मात्र हास्यास्पद होतो. गर्दी टाळण्याच्या धडपडींत गर्दीच लवकर होते, आणि खेळाचा कळस रिकाम्या खुर्च्यांसमोर घडतो.

असें असूनहि या प्रेक्षकानें खेळाची साथ पुरती सोडलेली नसते. मोटारींत बसतांच त्याचा हात रेडिओकडे जातो. या शहराला बेसबॉल पाहण्यापूर्वीं तो ऐकण्याची गोडी लागली होती असें म्हटलें तरी चालेल. १९५८ ते १९६१ या चार हंगामांत डॉजर्स तेथील कॉलिसियम या प्रचंड क्रीडांगणांत खेळत. त्यांतील कित्येक जागा इतक्या दूर होत्या कीं चेंडू दिसणें कठीण. म्हणून लोक बरोबर ट्रान्झिस्टर आणीत आणि विन स्कली यांचें धांवतें वर्णन ऐकत ऐकत समोरचा खेळ पाहत. १९६० सालीं एके दिवशीं स्कली यांनीं वर्णनांत सहज सांगितलें कीं, मैदानावरील पंच फ्रँक सेकोरी यांचा आज वाढदिवस आहे. तीन म्हणतांच सर्वांनीं त्यांना शुभेच्छा द्याव्या. त्यांनीं तीनपर्यंत अंक मोजले, आणि हजारों कंठांतून एकच ललकारी उठली. पंच चकित झाले. कारण आपल्याभोंवतीं बसलेला हा अफाट समुदाय एकाच माणसाचा आवाज ऐकत आहे, हें त्यांना कोठून ठाऊक असणार?

म्हणजे लवकर उठणारा हा प्रेक्षक अर्धा प्रेक्षक व अर्धा श्रोता असतो. तो सामन्याकडे पाठ फिरवितो. कान फिरवीत नाहीं. एवढ्यानें त्याची बाजू पुरती सिद्ध होते काय? नाहीं. कारण खेळ जसा प्रेक्षकाचा असतो, तसा प्रेक्षकहि खेळाचा असतो; आणि रिकाम्या खुर्च्या मैदानावरून स्पष्ट दिसतात. घरच्या मैदानाचा जो फायदा म्हणून सांगतात, त्याचा मोठा भाग म्हणजे घरचीं माणसें. संघ मागें पडला असतां त्यांचीं पाठ वळलेली दिसली, तर खेळाडूनें कोणाच्या बळावर झुंजावें?

शिवाय उठून जाणें हें एकट्या प्रेक्षकाच्याच हातीं असतें असें नाहीं. ब्रुकलिनच्या संघानें १९५५ सालीं अजिंक्यपद मिळविलें. त्या वैभवाच्या वर्षींहि घरच्या मैदानावर आलेल्या प्रेक्षकांची संख्या दहा लाखांच्या थोडी वर होती. जुने रहिवासी दूरच्या उपनगरांत राहावयास गेले होते, घरोघर टेलिव्हिजन आला होता, आणि मोटारीनें यावें तर ती ठेवावयास जागा नव्हती. मालक वॉल्टर ओमॅली यांना नवें क्रीडांगण हवें होतें; तें त्यांना हव्या त्या जागीं मिळालें नाहीं. २४ सप्टेंबर १९५७ रोजीं एबेट्स फील्डवर शेवटचा सामना झाला, त्याला अवघे ६,७०२ प्रेक्षक होते. आणि मग संघच उठून गेला. १८ एप्रिल १९५८ रोजीं लॉस एंजेलिसच्या कॉलिसियममध्यें पहिल्या सामन्यास ७८,६७२ लोक जमले. ब्रुकलिनमध्यें जे शेवटपर्यंत बसून राहिले होते, त्यांची निष्ठा त्यांच्या कामास आली नाहीं. प्रेक्षकाच्या निष्ठेचा झाडा घेणाऱ्यांनीं मालकांच्या निष्ठेविषयींहि एखादा शब्द बोलावयास हरकत नाहीं.

घरचें मैदान हा शब्ददेखील जपूनच वापरावा लागतो. ज्या टेकडीवर हें क्रीडांगण उभें आहे, त्या चावेझ रविन नांवाच्या भागांत पूर्वीं मेक्सिकन वंशाच्या कुटुंबांचीं घरें होतीं. स्वस्त सार्वजनिक घरें बांधण्यासाठीं म्हणून तीं रिकामीं करविलीं गेलीं. तीं नवीं घरें कधींच बांधलीं गेलीं नाहींत, आणि शेवटच्या कुटुंबांना मे १९५९ मध्यें बळजबरीनें बाहेर काढण्यांत आलें. त्या समाजांतील कित्येकांच्या मनांत या क्रीडांगणाविषयीं दीर्घकाळ कडवटपणा राहिला असल्यास नवल नाहीं. पुढें १९८१ सालीं मेक्सिकोंतील एका खेड्यांतून आलेला फर्नांडो वॅलेन्झुएला हा वीस वर्षांचा तरुण डॉजर्सकडून चेंडू फेकीत होता आणि त्यानें त्या हंगामांत सुरुवातीपासून चेंडू फेकलेले आपले पहिले आठहि सामने जिंकले. तेव्हां जे लोक पूर्वीं फिरकत नसत, ते मुलाबाळांसह येऊं लागले. माणसें क्रीडांगणावर यावयाचीं तीं केवळ विजय पाहण्यासाठीं नव्हे. मैदानावर आपलें कोणी तरी आहे असें वाटलें, म्हणजे तीं येतात.

बसून राहण्याचा प्रश्नहि याच प्रकाशांत पाहिला पाहिजे. बेसबॉलचा सामना घड्याळानें संपत नाहीं. १९२३ सालीं जसा शेवटचा गडी बाद होईपर्यंत तो संपत नसे, तसाच आजहि संपत नाहीं. खेळ फार लांबतो म्हणून २०२३ पासून चेंडू फेकणाऱ्यावर सेकंदांचें बंधन आलें, आणि पूर्वीं तीन तासांहून अधिक चालणारा सामना सरासरीनें सुमारें २ तास ४० मिनिटांवर आला. घरीं लवकर जाऊं इच्छिणाऱ्यांची ही मोठीच सोय झाली. परंतु धांवा बरोबरीत राहिल्या तर आजहि डाव वाढत जातात. २६ ऑक्टोबर २०१८ रोजीं याच क्रीडांगणावर बॉस्टनविरुद्ध सुरू झालेला सामना अठरा डाव चालला. ७ तास २० मिनिटांनंतर, मध्यरात्र उलटल्यावर, मॅक्स मन्सीच्या होम रननें तो डॉजर्सनीं ३-२ असा जिंकला. ज्याचा शेवट केव्हां होईल तें आधीं सांगतां येत नाहीं, अशा गोष्टी आयुष्यांत थोड्याच उरल्या आहेत. आणि जो उठून जातो तो नेमकी तीच एक गोष्ट मागें ठेवून जातो.

त्यालाहि बसून राहतां येतें, हें २५ सप्टेंबर २०१६ रोजीं दिसून आलें. विन स्कली यांनीं १९५० सालीं ब्रुकलिनमध्यें डॉजर्सच्या खेळांचें वर्णन करण्यास आरंभ केला होता. ते संघाबरोबर पश्चिमेस आले आणि सदुसष्ट हंगाम बोलत राहिले. त्या दिवशीं घरच्या मैदानावरील त्यांचें शेवटचें वर्णन होतें. दहाव्या डावांत चार्ली कल्बर्सनच्या होम रननें डॉजर्सनीं सामना ४-३ असा जिंकला, आणि त्याबरोबर आपल्या विभागाचें विजेतेपदहि मिळविलें. सामना संपला, पाहावयाचें कांहीं उरलें नाहीं. मोटारतळाची वाट मोकळी होती. तरीहि माणसें हललीं नाहींत. अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या त्या वृद्धानें आपल्या खोलींतून त्यांचे आभार मानले आणि पूर्वीं पत्नीसाठीं मुद्रित केलेलें स्वतःचें एक गाणें त्यांना ऐकविलें. तें संपेपर्यंत लोक उभे राहून ऐकत होते. ज्यांच्यावर सातव्या डावांत उठण्याचा शिक्का बसला होता, ते त्या दिवशीं खेळ संपल्यावरहि थांबले.

१९८८ च्या त्या चित्रफितींतील तांबडे दिवे मात्र तसेच राहिले आहेत. अंधारांत पुढें निघालेली एखादी मोटार एकाएकीं थांबते असें दिसतें. रेडिओवर बातमी कानीं पडून चालविणाऱ्यानें पाय दाबला, कीं पाठीमागें उठलेली गर्जना ऐकून, कीं केवळ पुढची मोटार थांबली म्हणून, हें त्या दिव्यावरून सांगतां येत नाहीं. एवढें मात्र खरें कीं, त्या माणसाला मोटारतळाच्या दरवाजाशीं पोंचण्यास अजून कांहीं मिनिटें लागणार होतीं, आणि परत फिरण्यास तेवढीहि उरलीं नव्हतीं.