क्रियापदाची शेपटी



आज आपल्याशी रोजच्या इंग्रजीबद्दल चार गोष्टी बोलावयाच्या आहेत. पुस्तकातल्या इंग्रजीबद्दल नव्हे. नोटिशीवरच्या, बँकेच्या कागदावरच्या, कारखान्याच्या फाटकावरच्या इंग्रजीबद्दल. या इंग्रजीतले शब्द दिसायला अगदी गरीब असतात. 'पुट' म्हणजे ठेवणे, 'लुक' म्हणजे पाहणे, 'टर्न' म्हणजे वळणे. पाचवीतल्या मुलालाही ते ठाऊक असतात. पण त्यांच्यामागे 'ऑफ', 'अप', 'आउट' अशी एक इवलीशी शेपटी लागली, की अर्थ कुठच्या कुठे जातो आणि भला शिकलेला माणूसही फसतो. कधी कधी ही फसगत पोटावर येते. तशी एक हकिगत आधी सांगतो.

मी राहतो मरोळला, अंधेरीच्या पूर्वेस. एके काळी हे साष्टीतले भातशेतीचे गाव. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, पुढे त्याची वसाहत इथे उभी राहिली, आणि १९७३ साली शेजारीच सिप्झचे निर्यातक्षेत्र आले. आता तर मरोळ नाक्यावर दोन मेट्रोमार्ग येऊन मिळतात. अशा गावात गावोगावचे तरुण कामासाठी येतात. काही वर्षांपूर्वी आमच्या चाळीत साताऱ्याकडचा असाच एक मुलगा राहत असे. एका कारखान्यात लेथवर काम करी. दहावी झालेला, हुशार, कामाला वाघ.

एका शनिवारी फाटकावर इंग्रजी नोटीस लागली. कच्चा माल आलेला नाही, सबब अमुक खात्यातले कामगार सोमवारपासून 'लेड ऑफ' राहतील, असा तिचा आशय. आमच्या या पठ्ठ्याने घरी येऊन कोश काढला. 'ले' म्हणजे ठेवणे, 'ऑफ' म्हणजे बंद. ठेवले ते बंदच करून ठेवले! नोकरी गेली असे त्याने धरले. कुणाला विचारायची लाज वाटली. वळकटी बांधली आणि रात्रीच्या एस.टी.ने तो गावी निघून गेला.

आता 'ले ऑफ' याचा कायद्यातला अर्थ काय? कच्चा माल, वीज, कोळसा अशा कारणाने मालकाला काही दिवस काम देता न येणे. कामगाराचे नाव हजेरीपटावर कायम राहते. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात १९५३ साली दुरुस्ती झाली, तीत अशा दिवसांसाठी मूळ पगार आणि महागाई भत्ता यांच्या निम्मी भरपाई ठरली. कारखान्यात पन्नास किंवा अधिक कामगार हवेत, कामगाराची वर्षभराची सलग नोकरी हवी, अशा अटी होत्या. आणि आणखी एक अट अशी, की त्या दिवसांत कामगाराने ठरल्या वेळी रोज एकदा फाटकावर हजेरी लावली पाहिजे. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेतही या शब्दाचा अर्थ तोच ठेवला आहे. वर्तमानपत्रांत मात्र हल्ली 'लेऑफ' म्हणजे नोकरकपात असेही छापून येते, त्यामुळे घोटाळा वाढतो.

तीन आठवड्यांनी मुलाला खरा प्रकार कळला. नोकरी होती ती वाचली. पण हजेरी न लावल्यामुळे तीन आठवड्यांची भरपाई बुडाली. नोटिशीतला प्रत्येक शब्द त्याला येत होता, बरं का! येत नव्हते ते दोन शब्दांचे लग्न.

हे शहरातच घडते असे समजू नका. गावात बँकेचा कागद येतो. त्यावर असते, कर्ज 'राइट ऑफ' केले. 'राइट' म्हणजे लिहिणे. शेतकरी म्हणतो, चला, लिहून टाकले, सुटलो एकदाचे! पण तसे नाही. वसूल होण्याची आशा कमी म्हणून बँकेने ते येणे आपल्या ताळेबंदातून काढले, एवढाच त्याचा अर्थ. कर्जदाराच्या डोक्यावरचे देणे तसेच राहते आणि वसुलीही चालू राहते. माफीला इंग्रजीत वेगळा शब्द आहे, 'वेव्हर'. 'राइट ऑफ' आणि 'वेव्हर' यांत जमिनीचा तुकडा राहणे आणि जाणे एवढे अंतर पडू शकते. म्हणून असा कागद आला, की जाणत्या माणसाला विचारावे. विचारण्यात कमीपणा नाही.

आता कुणी म्हणेल, ही इंग्रजी भाषाच मोठी चमत्कारिक! तर मंडळी, जरा आपल्याच घरात डोकावून पाहू. आई मुलाला म्हणते, "तेवढा भात खाऊन टाक." पोरगे भात टाकून देते का? नाही. 'टाक' म्हणजे इथे संपव. आपण म्हणतो, 'किल्ली हरवून बसलो.' हरवताना कोण बसतो? 'पत्ता शोधून काढला', 'नाव लिहून ठेव', 'नाद सोडून दे'. टाकणे, बसणे, काढणे, ठेवणे, देणे ही क्रियापदे इथे आपला मूळ अर्थ घरी ठेवून दुसऱ्याच्या मदतीला आलेली आहेत. इंग्रजी नेमके हेच करते. फरक एवढाच, की आपण मागे दुसरे क्रियापद जोडतो आणि इंग्रज एक लहानसा शब्द जोडतो.

ही जोडी लावून पाहा. 'ईट अप' म्हणजे खाऊन टाकणे. 'यूज अप' म्हणजे वापरून संपवणे. 'फाइंड आउट' म्हणजे शोधून काढणे. 'राइट डाउन' म्हणजे लिहून ठेवणे. 'गिव्ह अप' म्हणजे सोडून देणे. 'पे ऑफ' म्हणजे कर्ज पुरते फेडून टाकणे. 'कॅरी ऑन' म्हणजे चालू ठेवणे. तिथे काहीएक वाहून न्यायचे नसते. जो मुलगा मराठीत 'खाऊन टाक' न शिकवता समजला, त्याला 'ईट अप' समजायला काय हरकत आहे? शिक्षकबंधूंनी आणि भगिनींनी हा धागा मुलांच्या हाती द्यावा, म्हणजे अर्धी भीती तिथेच जाते.

अर्धीच म्हणतो, कारण प्रत्येक जोडीला अशी मराठी जोडी मिळत नाही. 'पुट ऑफ' म्हणजे पुढे ढकलणे, 'पुट आउट' म्हणजे आग विझवणे, 'पुट अप विथ' म्हणजे मुकाट्याने सोसणे. 'टर्न डाउन' म्हणजे नाकारणे, 'लुक इन्टू' म्हणजे चौकशी करणे. 'लुक आउट' अशी आरोळी आली तर बाहेर डोकावू नये, आधी बाजूला व्हावे! ही सरळ पाठच करावी लागतात. पण कशी? सुटे शब्द फळ्यावर लिहून नव्हे.

इथे पुन्हा मरोळची आठवण होते. १५३४ च्या वसईच्या तहाने साष्टी पोर्तुगिजांकडे गेली आणि १७३७ साली मराठ्यांनी ती घेतली. राज्य गेले, शब्द राहिले. चावी, पगार, बादली हे शब्द पोर्तुगिजांकडून आले आणि अवघ्या मराठी मुलखात पसरले. ते कुणी पाठ केले होते का? कुलपाबरोबर चावी आली, कामाबरोबर पगार आला. वस्तू हातात होती, म्हणून शब्द तोंडात बसला. तीच युक्ती वर्गात करावी.

दिव्याचे बटण दाबून मुलाने म्हणावे, 'स्विच ऑन', 'स्विच ऑफ'. टोपी घालताना 'पुट ऑन', काढताना 'टेक ऑफ'. उभे राहताना 'स्टँड अप'. दिवसाला तीनच घ्यावीत, अधिक नको. प्रत्येकाचे एक वाक्य वहीत लिहावे आणि ते वाक्य आपल्या गावचे असावे: बस, बाजार, विहीर, ग्रामसभा. दुसऱ्या दिवशी कालची तीन विचारून मगच पुढे जावे. आणि एक नियम आवर्जून सांगावा. 'स्विच ऑफ'सारख्या जोडीत 'इट' किंवा 'देम' असे सर्वनाम आले, की ते मध्ये बसते. 'स्विच इट ऑफ' म्हणावे, 'स्विच ऑफ इट' म्हणू नये.

वाक्प्रचारांचीही हीच कथा. आपला पाऊस मुसळधार पडतो; आभाळातून मुसळे पडलेली कुणी पाहिली नाहीत. इंग्रजाच्या आभाळातून मांजरे आणि कुत्री पडतात. आपली शाळा हे अजून हौसेने शिकवते, पण आजचे इंग्रज ते क्वचितच बोलतात. ते साधे 'इट्स पोअरिंग' म्हणतात. तेव्हा नटवे वाक्प्रचार मागाहून, कामाचे आधी. सोप्या कामाला आपण हातचा मळ म्हणतो, ते म्हणतात 'अ पीस ऑफ केक'. आपले ते त्यांच्या शब्दांत नेऊ नये. "माझं डोकं खाऊ नकोस" याचे शब्दशः इंग्रजी केले, तर ऐकणारा घाबरून पळेल! तसेच परीक्षेचे. मराठीत विद्यार्थी परीक्षा देतो आणि शिक्षक घेतात. इंग्रजीत विद्यार्थी 'टेक' करतो, म्हणजे घेतो, आणि शिक्षक 'गिव्ह' करतात. देणेघेणे उलटे, परीक्षा एकच.

तर श्रोतेहो, सांगण्याचा मुद्दा एवढाच, की शब्द एकटा पाहू नये, त्याची शेपटी पाहावी. आणि अडले तर लाजू नये, विचारावे.

आमचा तो लेथवाला मुलगा आता तसे करतो. फाटकावर नोटीस लागली की आधी चौघांत मोठ्याने वाचतो आणि म्हणतो, "थांबा रे, मागे काय लागलंय ते बघू." गेल्या पावसाळ्यात एका जुन्या कामगाराच्या हातात असाच कागद आला. म्हातारा वळकटी बांधायला निघाला होता. याने त्याला थांबवले आणि रोज सकाळी आपल्याबरोबर फाटकावर हजेरीला नेले. त्याचे निम्मे पैसे वाचले.