एकच बटण, कामं दहा

आज बोलूया एका बटणाबद्दल, जे दर वेळी वेगळं काम करतं. त्याला म्हणतात सॉफ्ट की. बटण जागचं हलत नाही, पण त्याचं काम स्क्रीन ठरवते.

२००० साली आलेला नोकिया ३३१० आठवतोय? नसेल तर घरातल्या मोठ्यांना विचारा. त्याच्या स्क्रीनखाली एकच लांबट बटण होतं. त्यानंच मेनू उघडायचा, त्यानंच कॉल लावायचा, त्यानंच कट करायचा. आत्ता ते काय करणार, हे त्याच्या वरच स्क्रीनवर लिहिलेलं असायचं. एटीएमच्या स्क्रीनच्या दोन्ही बाजूंना बटणं असतात ना? तीही तसलीच.

आता माझी चूक सांगतो. आजीला गावी साधा बटणांचा फोन घेऊन दिला आणि शिकवलं, "काकाला लावायचाय ना? उजवं बटण, एकदा खाली, मग हिरवं." तिनं ते पाढ्यासारखं पाठ केलं. मी खूश!

एका रात्री आजोबांना दम लागला. आजीनं फोन घेतला, उजवं बटण दाबलं. पण स्क्रीनवर कुठलासा जाहिरातीचा मेसेज येऊन बसला होता. रोज नावांची यादी उघडणारं ते बटण त्या क्षणी फक्त मेसेज बंद करणारं होतं. यादी उघडलीच नाही आणि पुढची सगळी गणती चुकली. शेवटी ती अंधारात शेजारच्यांकडे धावली. आजोबा बरे आहेत, पण ती म्हणाली, "बाळा, मी बरोब्बर तेच दाबलं रे."

खरंच तेच दाबलं होतं. मी तिला जागा शिकवली, वाचायला शिकवलंच नाही. आणि वाचणार तरी कशी? फोन इंग्रजीत, आजीला येतं मराठी! सेटिंगमध्ये भाषा बदलायला मला दोन मिनिटं लागली. आता ती आधी वाचते, मग दाबते.

तुम्ही म्हणाल, आमच्या फोनला बटणं कुठेत? कीबोर्डचा खालचा उजवा कोपरा बघा. सर्च करताना तिथं भिंग दिसतं, फॉर्म भरताना पुढे जायचा बाण, कधी नुसतीच नवी ओळ. आणि आवाजाचं बटण? गाणं चालू असेल तर गाण्याचा आवाज, कॉलवर असाल तर कॉलचा, रिंग वाजत असेल तर ती गप्प, आणि कॅमेरा उघडा असेल तर बऱ्याच फोनवर थेट फोटो! त्यावर तर काहीच लिहिलेलं नसतं. आपल्याला सवयीनं कळतं. नवख्या माणसाला कसं कळणार?

म्हणून एक काम करा. घरी कुणाला फोन शिकवताना "इथं दाब" म्हणू नका. "आत्ता इथं काय लिहिलंय?" असं विचारा. आणि त्याआधी भाषा बदलून द्या.

भेटू पुढच्या भागात. तोवर, वाचून दाबा!