करपा पानात शिरतो कसा?

(मुळशी तालुक्यातील भात उत्पादकांच्या बैठकीत केलेले भाषण)



आपल्या जमिनीत कोण घुसले, कोणत्या वाटेने घुसले आणि त्याला कोणी अडवले, हा हिशेब मुळशीच्या माणसाला नवा नाही. १९२१ साली धरणाविरुद्ध सेनापती बापटांबरोबर इथलेच मावळे उभे राहिले होते. आज बोलायचे आहे ते फार लहान घुसखोराबद्दल. तो डोळ्याला दिसत नाही, पण एका रात्रीत आपल्या भाताच्या पानाची भिंत फोडून आत जातो. तो म्हणजे करप्याची बुरशी.

कृषी महाविद्यालयात आम्ही या बुरशीचे लांबलचक नाव पाठ केले आणि परीक्षेत गुण मिळवले. ती आत कशी शिरते, हे विचारायचे सुचले नाही. पुढे गावोगाव हिंडू लागलो तेव्हा आम्हीही तेच सांगत होतो, पानावर ठिपके दिसले की औषध मारा. तो सल्ला अर्धा चुकीचा होता. त्याचा भुर्दंड तुम्ही भरलात, म्हणून आज जरा मुळापासून सांगतो.

पानाला दारे असतात. श्वास घेण्यासाठी असलेली बारीक छिद्रे, त्यांना पर्णरंध्रे म्हणतात. तांबेऱ्याची बुरशी या दारातून आत जाते. घेवड्यावरचा तांबेरा तर आंधळ्याने भिंत चाचपत जावे तसा पानावरून सरकतो आणि रंध्राच्या ओठाचा उंचवटा लागला की तिथेच थांबून आत शिरतो. द्राक्षावरचा केवडाही दारानेच येतो. काही रोग जखमेतून येतात. करपा मात्र दार शोधत बसत नाही. तो भिंतच फोडतो.

कसा, ते बघा. करप्याचे बी, म्हणजे बीजाणू, रात्री वाऱ्यावर उडून पानावर पडतो. त्याच्या टोकाला चिकट पदार्थ असतो, ओल मिळाली की तो पानाला चिकटतो. दोनेक तासांत त्याला कोंब फुटतो. कोंब पानाचा मेणचटपणा आणि कठीणपणा ओळखतो, वाढ थांबवतो आणि त्याच्या टोकाला एक घुमट तयार होतो. बीजाणूतला सगळा साठा या घुमटात येतो, मागचा बीजाणू मरून जातो. घुमटात ग्लिसरीन साठत जाते. बेदाणा पाण्यात टाकला की पाणी ओढून टम्म फुगतो ना? तसेच पानावरचे पाणी घुमटात ओढले जाते. पण ग्लिसरीन बाहेर गळून जाऊ नये म्हणून बुरशी घुमटाला आतून काळे अस्तर लावते. आपल्या केसांना काळेपण देणाऱ्या जातीचेच ते रंगद्रव्य, मेलॅनिन.

आता आत पाणी येत राहते आणि बाहेर काही जाऊ शकत नाही. दाब वाढतो. १९९१ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी तो मोजला तेव्हा तो ८० वातावरणांएवढा भरला. मोटारीच्या चाकात आपण ३० पौंड हवा भरतो. इथे ११०० पौंडांच्या वर! तळाशी अस्तर नसलेली एक जागा असते, तिथून एक बारीक खुंटी निघते आणि पान फोडून आत जाते. या दाबापुढे प्लॅस्टिकचा पापुद्राही टिकला नाही. बीजाणू पडल्यापासून आत शिरेपर्यंत साधारण एक दिवस. ठिपका आपल्याला दिसतो तो त्यानंतर चार-पाच दिवसांनी.

म्हणजे ठिपका दिसला तेव्हा चोरी होऊन गेलेली असते.

आता औषधाकडे येऊ. दुकानात करप्यासाठी ट्रायसायक्लॅझोल देतात. हे औषध बुरशीला मारत नाही. ते तिला काळे अस्तर लावू देत नाही. अस्तर नाही म्हणून दाब नाही, आणि दाब नाही म्हणून भिंत फुटत नाही. औषध चांगले आहे, पण ते घुमट तयार होण्याआधी पानावर हवे. आत शिरलेल्या बुरशीला त्याचा फार धाक नाही, आणि जुना ठिपका कोणत्याच फवाऱ्याने बुजत नाही. वाचतात ती नवी पाने. लोंबीची मान मोडणारा करपा अडवायचा असेल तर भात पोटरीत असतानाच विचार करायला हवा, मान काळी पडल्यावर नव्हे. आणि शेवटच्या फवारणीनंतर कापणीपर्यंत लेबलावर लिहिलेले दिवस पाळा. युरोपियन संघाने तांदळातल्या याच औषधाच्या अंशाची मर्यादा २०१७ साली किलोमागे १ मिलिग्रॅमवरून ०.०१ मिलिग्रॅमवर आणली, तेव्हा बासमतीवाल्यांची झोप उडाली होती.

आभाळ कसे आहे तेही बघा. धो धो पावसाला करप्याच्या दृष्टीने फार भ्यायचे कारण नाही. भीती आहे ती झिमझिमीची, धुक्याची, दवाची. पान आठ-दहा तास सलग ओले आणि हवा ना गार ना गरम, असे दोन-तीन दिवस गेले की समजा, बुरशी कामाला लागली. ताम्हिणीच्या अंगाला आणि कोळवण खोऱ्यात असे दिवस किती येतात ते तुम्ही आमच्यापेक्षा चांगले जाणता.

पण भिंत जाड असेल तर फोडणाऱ्याला कष्ट पडतात. भाताचे रोप जमिनीतून सिलिका घेते आणि पानाच्या सालीखाली तिचा थर देते. म्हणून तर भाताचे पान हाताला कापते. एकदम भरपूर युरिया टाकला की भात काळोखी धरतो, शेजारी बांधावर थांबून बघतो, पण ती भिंत मऊ झालेली असते. आंबेमोहोर मुळातच करप्याला लवकर बळी पडतो, त्याला तर युरियाचा हात आखडताच हवा. वडगाव मावळच्या केंद्रातून १९८७ साली आलेली इंद्रायणी त्याच आंबेमोहोराची लेक, तिचेही लाड नकोत. सिलिका विकत आणायची गरज नाही. गिरणीवर तुसाचे ढीग पडून असतात. चारसूत्री भातशेतीत सांगितलेली तुसाची काळसर राख, गादीवाफ्याच्या दर चौरस मीटरला अर्धा ते एक किलो, रोपांना तेच देते. जुन्या लोकांची राबाची राख अगदीच खुळेपणाची नव्हती.

आणखी एक घोटाळा. "करपा आलाय, औषध द्या" एवढेच आपण दुकानात सांगतो. पण कडा करपा हा वेगळा रोग आहे. तो बुरशीचा नाही, जिवाणूचा आहे. तो पानाच्या कडेच्या पाणरंध्रांतून आणि जखमांतून शिरतो. लावणीच्या वेळी रोपांचे शेंडे खुडतो, तेव्हा आपणच त्याला वाट करून देतो. त्याच्यावर बुरशीचे औषध मारणे म्हणजे पैसे खाचरात ओतणे.

ओळखायचे कसे? ठिपका दोन्ही टोकांना निमुळता, मध्ये राखाडी, कडेला तपकिरी असेल तर पान ओल्या कापडाबरोबर पिशवीत बांधून रात्रभर ठेवा. सकाळी ठिपक्यावर राखाडी लव दिसली तर तो करपा. कडेने पिवळट पांढरे वाळत आले असेल तर पान ताजे कापून काचेच्या पेल्यात स्वच्छ पाण्यात धरा. कापल्या जागेतून दुधासारखी धार सुटली तर तो कडा करपा. खर्च शून्य.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकाने आपल्या खाचरातली दोन पाने आणि मागल्या फवारणीची दुकानाची पावती आणावी. पावती मिळाली नसेल तर तेही सांगावे. दुकानदाराने ती दिलीच पाहिजे. भिंग आणि पेले आम्ही आणतो.