जळजळ छातीत, बिघाड झडपेत

भिलाईच्या सेक्टर 10 मधून आज बोलू या अशा त्रासाबद्दल, ज्याची गोळी जवळपास प्रत्येक घरच्या औषधाच्या डब्यात असते. छातीत जळजळ, आंबट ढेकर, रात्री घशाशी आंबट पाणी. आपण म्हणतो, "ॲसिड वाढलंय." बहुतेकांच्या बाबतीत ॲसिड वाढलेलं नसतं, ते चुकीच्या जागी आलेलं असतं.

अन्ननलिका जिथे जठराला मिळते, तिथे स्नायूंची एक झडप असते. ती ढिली पडली, की जठरातलं आम्ल वर येतं. प्लांटमध्ये नोकरी केलेल्यांना हे चटकन कळेल: व्हॉल्व्ह गळतोय आणि आपण टाकीला दोष देतोय! गोळी आम्ल कमी करते, पण झडप घट्ट करत नाही. म्हणून गोळीसोबत सवयीही बदलाव्या लागतात.

पहिली सवय झोपेची. जेवण आणि अंथरूण यांत तीन तासांचं अंतर हवं. डोक्याखाली दोन उशा घेऊन उपयोग नाही. त्यानं पोट दुमडतं आणि दाब वाढतो. पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा ठेवून ती बाजू 15 ते 20 सेंटिमीटर उंच करा. डाव्या कुशीवर झोपा, म्हणजे जठर खाली राहतं आणि झडप वर.

नाइट शिफ्टवाल्यांचं काय? सकाळी घरी येऊन भरपेट जेवायचं आणि लगेच आडवं व्हायचं, हे झडपेला सर्वांत जड जातं. मुख्य जेवण ड्यूटीला जाण्याआधी घ्या. पहाटे थोडं हलकं खा आणि घरी येऊन रिकाम्यासारख्या पोटी झोपा.

पोटाचा घेर कमी झाला, की झडपेवरचा दाबही कमी होतो. तंबाखू, बिडी, आणि आपल्या छत्तीसगडात सकाळी दातांना घासतात तो गुडाखू, हे सगळे झडप ढिली करतात. खाण्याचं पथ्य मात्र सगळ्यांना एकच नाही. दोन आठवडे वहीत लिहा: काय खाल्लं, कधी जळजळलं. ज्यानं त्रास होतो तेवढंच सोडा. थंड दुधानं घटकाभर बरं वाटतं, पण नंतर जठर पुन्हा आम्ल सोडतं. सोड्याच्या पुड्यांत सोडियम असतं. बीपी असेल तर जपून.

आता गोळी. ओमेप्राझोल, पँटोप्राझोल या गोळ्या जेवणाआधी अर्धा ते एक तास घ्यायच्या असतात. जेवणानंतर घेतल्या तर गुण कमी येतो. पाळी बदलली तर घड्याळाकडे नाही, जेवणाकडे पाहून घ्या. नेहमीचा कोर्स साधारण आठ आठवड्यांचा. बरीच वर्षं घेऊन अचानक बंद केली, तर काही दिवस आम्ल उसळून येतं आणि माणसाला वाटतं, आता हिच्याशिवाय जगणं नाही. तसं नसतं, डॉक्टरांना विचारून हळूहळू कमी करता येते. काहींना मात्र ती दीर्घकाळ लागतेच, तेव्हा ऐकीव भीतीनं मनानं सोडू नका.

काही खुणांवर मात्र घरगुती उपाय करत बसू नका. घास अडकणं, वजन आपोआप घटणं, रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी शौच, अंगात रक्त कमी होणं, किंवा उतारवयात पहिल्यांदाच सुरू झालेला त्रास. यात दुर्बिणीची तपासणी लागू शकते.

आणि सर्वांत महत्त्वाचं. छातीत दडपण, घाम, दम, दुखणं हातात किंवा जबड्यात जाणं, याला "गॅस असेल" म्हणत सोडा पिऊन वाट पाहू नका. ते हृदयाचं असू शकतं. जिन्यानं चढताना दुखलं आणि थांबल्यावर राहिलं, तरी तोच संशय धरा. 108 ला फोन करा. आपल्याला तर सेक्टर 9 चं मोठं रुग्णालय शेजारीच आहे. तपासणीत नुसती ॲसिडिटी निघाली, तर हसत घरी या.

आज रात्रीपासून एवढंच करा: जेवण लवकर, पलंगाखाली विटा, कूस डावी.